दाखल्यावरची जात आणि जीवशास्त्रातली जाती

मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलाकडून सजीवांच्या वर्गीकरणाची एक उतरंड पाठ करून घेतात : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत शेवटी जाती. इंग्रजीत ज्याला स्पीशीज म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘जाती’ हा शब्द दिला. त्याच मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जात’ नावाचा एक रकाना असतो. पुस्तकाप्रमाणे पृथ्वीच्या पाठीवरील सर्व माणसांची जाती एकच. दाखल्याप्रमाणे तो मुलगा महार असतो, मांग असतो, कैकाडी असतो, माळी असतो किंवा ब्राह्मण असतो. दाखल्यावरचा रकाना काढून टाका असे येथे म्हणायचे नाही. हजारो वर्षे ज्यांचे हिरावले गेले त्यांना काही परत मिळवायचे तर तो रकाना आज आवश्यकच आहे. पण एकाच शाळेत, एकाच दप्तरात या दोन शब्दांची गाठ पडते आणि शिक्षक दोहोंतील नात्याविषयी एक अक्षरही बोलत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकवावी की सृष्टिनिर्मिती, हा प्रश्न निघाला की आपले प्रस्थापित विचारवंत तो परदेशातून आलेला वाद समजतात. तो बायबल आणि डार्विन यांचा झगडा; आपला धर्म उदार, आपल्याकडे असला वाद कधी झालाच नाही, असे ते अभिमानाने सांगतात. प्रस्तुत लेखकाला हे साफ अमान्य आहे. हा वाद या भूमीत डार्विनच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. माणूस माकडापासून आला की नाही, या रूपात तो येथे आला नाही. कोण कोणाच्या मुखातून आला, कोण पायांतून आला आणि कोण कोणाच्याच अंगातून आला नाही, या रूपात तो आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त हा आपल्याकडचा सृष्टिनिर्मितीचा धडा आहे. त्याच मंडलात नासदीय सूक्तही आहे. सृष्टी कोठून आली हे तिच्या अध्यक्षालाही कदाचित ठाऊक नसेल, असा संशय त्याने मोकळेपणाने व्यक्त केला आहे. विद्वानांना नासदीयाचे फार कौतुक. पण समाजाचा कायदा संशयाच्या सूक्तावर उभारला गेला नाही. तो उभारला गेला पुरुषसूक्तावर.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एक वैदिक संमेलन भरले. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तेथे सांगितले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेले नाही की सांगून ठेवलेले नाही. तेव्हा शाळा-महाविद्यालयांचा अभ्यासक्रम बदलला पाहिजे. हे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. आयुष्यभर पोलीस खात्यात काढलेल्या माणसाने प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मागावा हे समजू शकते. पण साक्षीदार नसलेल्या खुनाचा तपासही ठशांवरून आणि हाडांवरूनच लागतो, हे त्यांना कोणी सांगायला हवे होते काय? देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून या विधानाला विरोध केला. त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले. प्रकरण तेथेच संपले असे वृत्तपत्रांना वाटले.

ते संपले नव्हते. २०१९ च्या जुलैत लोकसभेत मानवी हक्कांच्या विधेयकावर बोलताना याच गृहस्थांनी आपण ऋषींची संतती आहोत असे प्रतिपादन केले. त्यावर द्रमुकच्या कनिमोळी यांनी दिलेले उत्तर आपल्या चळवळीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माझे पूर्वज ऋषी नव्हेत, विज्ञान सांगते त्याप्रमाणे ते होमो सेपियन आहेत, आणि माझे आईवडील शूद्र आहेत, अशा आशयाचे ते उत्तर होते. अकादम्यांच्या पत्रकात जी गोष्ट आली नव्हती ती या एका वाक्यात आली. ‘आपण ऋषींची संतती’ या वाक्यातील ‘आपण’ म्हणजे नेमके कोण? ज्यांना गोत्र आहे त्यांना ऋषी सापडतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणत्या ऋषीने आपले नाव दिले? उत्क्रांती नाकारणारा हा विचार वरवर सर्व भारतीयांना मोठेपणा देतो. प्रत्यक्षात मात्र तो बहुसंख्यांना वंशावळीबाहेर ठेवतो.

ही एका मंत्र्याची लहर होती असे समजून चालणार नाही. सत्यपाल सिंह आर्य समाजाच्या परंपरेतले. पुढे ते हरिद्वारच्या गुरुकुल कांगडी विद्यापीठाचे कुलाधिपतीही झाले. १९०२ साली स्थापन झालेल्या या गुरुकुलाला १९६२ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे आणि तेथे प्राणिशास्त्रही शिकवले जाते. आणि आर्य समाज सोलापूरला परका नाही. निजामाच्या राज्यातील निर्बंधांविरुद्ध सत्याग्रह करायचे ठरले ते १९३८ च्या डिसेंबरात सोलापुरात भरलेल्या आर्य परिषदेत. लोकनायक बापूजी अणे तिचे अध्यक्ष होते. १९४० साली येथे दयानंद महाविद्यालय सुरू झाले. सोलापूर आणि आसपासच्या खेड्यांतील बहुजनांच्या, दलितांच्या कित्येक पिढ्या त्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्या. त्याचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

स्वामी दयानंदांचे म्हणणे काय होते हे मुळातून पाहिले पाहिजे, कारण ते ख्रिस्ती सनातन्यांच्या म्हणण्याहून वेगळे आहे. ‘सत्यार्थप्रकाशा’च्या आठव्या समुल्लासात सृष्टीची उत्पत्ती सांगितली आहे. आरंभी परमेश्वराने अनेक माणसे एकदम, तरुण वयातच, त्रिविष्टपात म्हणजे तिबेटात निर्माण केली, असे तेथे म्हटले आहे. मात्र सृष्टीचे वय त्यांनी सहा हजार वर्षांत कोंबले नाही. त्यांच्या गणिताप्रमाणे ते सुमारे १९६ कोटी वर्षे भरते. तेव्हा काळाविषयी त्यांचे डार्विनशी भांडण होण्याचे कारण नव्हते. भांडण आहे ते माणूस आणि इतर प्राणी यांच्या नात्याविषयी. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पुरुषसूक्ताचा शब्दशः अर्थ दयानंदांनीही नाकारला. ब्राह्मण खरोखरच मुखातून जन्मला असता तर त्याचा देह मुखासारखा गोल झाला असता, अशी थट्टा त्यांनी चौथ्या समुल्लासात केली आहे. १८७५ साली पुण्यात त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांच्या दंगलीला तोंड द्यायला म. जोतीराव फुले आपल्या सहकाऱ्यांसह तिच्यात चालले, ते काही उगाच नव्हे.

पण थट्टा करून झाल्यावर दयानंदांनी चार खोल्यांचे घर तसेच ठेवले. वर्ण जन्माने नव्हे, गुणकर्माने ठरवावा, मुलाची पंचविसाव्या वर्षी आणि मुलीची सोळाव्या वर्षी परीक्षा घेऊन ठरवावा, एवढाच बदल त्यांनी सुचवला. या चातुर्वर्ण्याची चिरफाड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात केली. लाहोरचे जातपात तोडक मंडळ हे आर्य समाजी मंडळींचेच. त्यांनी निमंत्रण दिले आणि भाषण वाचल्यावर अधिवेशनच रद्द केले. त्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी आनुवंशिकतेच्या शास्त्राचा आधार घेतला आहे याकडे आपल्या समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जातिव्यवस्थेमुळे रक्तशुद्धी राखली जाते, वंश सुधारतो, असा शास्त्रीय वाटणारा दावा त्या काळी केला जाई. बाबासाहेबांनी बेटसन या आनुवंशिकीच्या अभ्यासकाचा दाखला देऊन दाखवले की बुद्धीचे गुण एका साध्या नियमाने बापाकडून मुलाकडे उतरत नाहीत. मग विचारले की जातीने वंश सुधारला असेल तर हिंदू समाजातील बहुसंख्य माणसे शरीराने इतकी खुजी आणि लष्करी नोकरीला अपात्र का? जीवशास्त्राचा धडा एका धार्मिक संघटनेच्या व्यासपीठावरून सांगायला निघालेला माणूस अस्पृश्य होता, आणि त्याला व्यासपीठच मिळाले नाही. धार्मिक संस्थेत जीवशास्त्र कसे शिकवावे या प्रश्नाची आपल्याकडची खरी घटना शोधायची असेल तर ती ही आहे.

सोलापुरात आजवर या विषयावर वाद का झाला नाही? या एका शहरात आर्य समाजाचे दयानंद महाविद्यालय आहे, लिंगायत समाजातील धुरीणांनी १९५३ साली उभारलेले संगमेश्वर आहे, जैन पाठशाळेच्या संस्थेचे वालचंद महाविद्यालय आहे. आर्य समाजाच्या मते ईश्वराने सृष्टी रचली. जैन दर्शनाच्या मते सृष्टीला आरंभ नाही आणि कर्ताही नाही. लिंगायतांची शिवतत्त्वाची मांडणी आणखी वेगळी. तिन्ही ठिकाणी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी वर्षानुवर्षे पेपर लिहीत आला तो मात्र एकच. पूर्वी शिवाजी विद्यापीठाचा, २००४ पासून सोलापूर विद्यापीठाचा. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असल्यामुळे संस्थेच्या दर्शनाला वर्गात जागा राहिली नाही, ही व्यवस्था चांगलीच म्हटली पाहिजे. अमेरिकेत तसे झाले नाही. कॅलिफोर्नियात सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ला सिएरा नावाचे विद्यापीठ आहे. तेथील प्राध्यापक जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांती हेच सत्य म्हणून शिकवतात, अशी तक्रार २००९ च्या सुमारास झाली आणि पुढे काही वर्षे संस्थाचालक, पंथाची मान्यता मंडळे आणि प्राध्यापक यांच्यात संघर्ष चालला. त्याहून आधी, १९२५ साली, टेनेसी राज्यातील डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला होता. त्याच १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तिकडे वर्गात काय शिकवावे यावर खटला चालू होता. इकडे वर्गात कोणी बसावे हाच प्रश्न सुटलेला नव्हता.

तेव्हा आपल्याकडे वाद झाला नाही याचे श्रेय आपल्या सहिष्णुतेला देता येत नाही. ला सिएरातील तक्रारदाराने जीवशास्त्र गंभीरपणे घेतले होते. हे खरे असेल तर माझी श्रद्धा खोटी ठरते, एवढे त्याला समजले होते. आपला पदवीधर डार्विनवर उत्तम टिपण लिहितो, गुण मिळवतो आणि घरी येऊन पत्रिकेत नाडी पाहून, पोटजातीत लग्न ठरवतो. त्याच्या मनात भांडण होत नाही, कारण वर्गातले ज्ञान आयुष्याला लागू असते असे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. विज्ञान ही त्याच्यासाठी परीक्षेची सामग्री आहे. अशा शांततेपेक्षा डेटनचा खटला बरा.

उत्क्रांतीला तोंड देण्याच्या सवर्ण विद्वत्तेच्या दोन तऱ्हा दिसतात. एक नाकारण्याची, ती वर आली. दुसरी गिळून टाकण्याची, आणि ती अधिक चतुर आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) विश्वाची उभारणी सांगताना हेकेल या जर्मन उत्क्रांतिवाद्याला सांख्यांच्या शेजारी आणून बसवले. ते निदान विद्वत्तेने केलेले काम होते; दोन्ही बाजू त्यांनी वाचल्या होत्या. पुढे ही तऱ्हा फारच स्वस्त झाली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असा दशावताराचा क्रम म्हणजेच उत्क्रांती, हे वाक्य आता शाळेच्या भाषणस्पर्धांतही ऐकू येते. २०१९ च्या जानेवारीत जालंधरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू नागेश्वर राव यांनी दशावतार हा डार्विनच्या सिद्धांताहून सरस असल्याचे सांगितले. विज्ञानाच्या व्यासपीठावर, शाळकरी मुलांसमोर, एका कुलगुरूने! या तुलनेत कच्चा दुवा कोठे आहे? अवतार वरून खाली उतरतो. एकच देव निरनिराळी रूपे घेतो. उत्क्रांतीत कोणी उतरत नाही, कोणी ठरवून रूप घेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जन्मणाऱ्या जीवांत लहान लहान फरक असतात आणि त्यांतले काही परिस्थितीत टिकतात, एवढेच. शिवाय पाचव्या अवताराने बळीला पाताळात घातले आणि सहाव्याने हातात परशू घेतला, हा उत्क्रांतीचा कोणता टप्पा म्हणायचा?

या प्रश्नाला सार्थ उत्तर १८७३ सालीच देऊन झाले आहे आणि ते मराठीत आहे. म. फुले यांच्या ‘गुलामगिरी’चे आरंभीचे भाग जीवशास्त्राच्या शिक्षकाने एकदा वाचावेत. आपण ते ब्राह्मणविरोधी उपहास म्हणून वाचतो. त्यामागची पद्धत पाहत नाही. ब्रह्म्याच्या चार अवयवांपासून चार वर्ण झाले असे म्हणता, तर त्या चारही ठिकाणी गर्भाशय होता काय? विटाळ किती दिवस पाळला जाई? गर्भ वाढला कोठे? मनूने इंग्रज आदी लोकांची उत्पत्ती कोठे सांगितली आहे? धोंडिबा आणि जोतीराव यांच्या या संवादात धर्मग्रंथातील विधान घेऊन ते शरीरधर्माच्या कसोटीला लावले आहे. मत्स्यावताराविषयी तर ते मासळी आणि माणूस यांच्या इंद्रियांतील, आहारातील, प्रजननातील फरक मांडतात आणि माशाच्या पोटी माणूस कसा येईल असे विचारतात. कुलगुरूंना जी शंका आली नाही ती शंका या माळ्याच्या मुलाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी घेतली होती.

जोतीराव डार्विनवादी होते असे मात्र म्हणू नये. ते निर्मिक मानत. पण त्यांचा निर्मिक सर्व स्त्रीपुरुषांना सारख्याच हक्कांचे निर्माण करतो. म्हणजे येथे तंटा देव आहे की नाही एवढाच नाही. सृष्टीच्या आरंभाची कथा माणसांत पायऱ्या निर्माण करते की नाही, हा तंटा आहे.

बुद्धाने हा तंटा जोतीरावांच्याही आधी, जवळजवळ त्याच मार्गाने चालवला. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांशी झालेला संवाद आहे. ब्राह्मण म्हणतात आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो. पण ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होताना, गरोदर राहताना, बाळंत होताना, अंगावर पाजताना दिसतात ना, असे बुद्ध विचारतो. त्याच दोघांशी सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात दुसरा संवाद आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. बुद्ध तेथे गवत आणि झाडांपासून सुरुवात करतो. मग कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी असा एकेक वर्ग घेतो. यांच्या जाती वेगवेगळ्या आहेत, कारण त्यांच्या अंगावर तशी चिन्हे आहेत. माणसाचे केस, कान, डोळे, तोंड, हात, पाय तपासा. असे जातीचे चिन्ह माणसामाणसांत सापडत नाही. माणसांतले भेद केवळ नावाचे आहेत. त्या मूळ पालीत शब्द आहे ‘जाति’. आपल्या पाठ्यपुस्तकाने स्पीशीजला हा शब्द देताना कोणाला वासेट्ठसुत्ताची आठवण असेल असे वाटत नाही. पण शब्द बरोबर ठिकाणी पडला आहे. आज जीवशास्त्र जातीची कसोटी सांगते ती अशी की ज्यांच्या संकरातून प्रजननक्षम संतती होते ते जीव एका जातीचे. घोडी आणि गाढव यांचे खेचर होते आणि खेचराला पुढे संतती होत नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात हेच घोडीगाढवाचे उदाहरण वर्णभेदाविरुद्ध वापरलेले आहे.

याच्या उलट मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहावा. दोन वर्णांच्या स्त्रीपुरुषांना मूल झाले की मनू त्याला नवी जात देतो. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांचे मूल चांडाळ. जणू दोन वेगळ्या प्राण्यांचा संकर झाला! बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये मनूच्या या संकरशास्त्राची हजेरी घेतली आहे, तो ग्रंथ १९८७ साली छापला गेला तेव्हा रस्त्यावर काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. त्याआधी १९१६ सालीच, न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात, त्यांनी जातीचे मर्म एका गोष्टीत सांगितले होते : आपल्या गटातच लग्न करण्याची सक्ती. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी येथील गटांचे आपसांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण होत होते आणि नंतर ते थांबून बंदिस्त विवाह सुरू झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे कुंपण नंतर घातले गेले. जमीन आधी एकच होती.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात, वासेट्ठ आणि भारद्वाज यांच्याच संवादात, बाबासाहेबांनी ईश्वर हा सृष्टिकर्ता असल्याचे कोणी सिद्ध करू शकत नाही, जग निर्माण केले गेले नाही तर ते विकसित झाले आहे, अशी भूमिका मांडली आहे. १९५६ सालच्या दीक्षेतील पहिली प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णु-महेशांना देव न मानण्याची आहे. ती घेतलेल्या घरातील मुलगा दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा पाठ शिकतो तेव्हा त्याच्या आजोबांनी घेतलेल्या प्रतिज्ञेचाच अर्धा भाग तो शिकत असतो. हे त्याला कोण सांगणार?

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. डार्विनचे नाव घेतले की सारे मोकळे झाले, असे नाही. ‘डिसेंट ऑफ मॅन’ लंडनमध्ये १८७१ साली प्रसिद्ध झाले. सर्व मानवसमूह एकाच मूळ पूर्वजापासून आले हा त्यातील प्रमुख मुद्दा. तरी ‘रानटी’ लोकांविषयी त्या काळच्या इंग्रजाची तुच्छताही त्या ग्रंथात जागोजाग आहे. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार असा की जसा विणकराचा मुलगा विणकर होतो तसा चोराचा मुलगा चोरच होतो. मनूचा सिद्धांत आणि आनुवंशिकतेची अर्धवट कल्पना यांचा हा संकर होता, आणि त्याला मात्र संतती झाली. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची. काटेरी तारा, दररोजची हजेरी, गिरणीत जायला परवाना. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे यांची मुले जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदली जात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. शहरातील तो भाग लोक आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाला थेट २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द करावी लागली. सोलापूरच्या शाळेत आनुवंशिकता शिकवताना फळ्यावर केवळ वाटाण्याची रोपे काढून भागत नाही.

पुस्तकांतून आणि भिंतींवरच्या तक्त्यांतून सर्वत्र छापली जाणारी ती आकृतीही तपासून पाहावी : वाकलेले माकड, मग काळाकेसाळ अर्धमानव, आणि रांगेच्या टोकाला ताठ चालणारा गोरा पुरुष. मुलाच्या मनात उत्क्रांती म्हणजे शिडी, हीच समजूत पक्की होते. आपल्या समाजात शिडी दाखवली की प्रत्येक जण आपली पायरी शोधतो आणि खालच्या पायरीवर कोण आहे ते पाहतो. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे आणि ती शिडीची नाही. फुटत जाणाऱ्या फांद्यांची आहे. फांद्यांत वरची आणि खालची असे काही नसते. आजचे माकड आपला पूर्वज नव्हे, चुलत भाऊ आहे, हे एवढे शिक्षकाने स्पष्ट केले तरी सत्यपाल सिंहांच्या अर्ध्या भाषणाला उत्तर मिळते.

हा पाठ शाळेत टिकणार की नाही, हा प्रश्न आता पुढे आला आहे. राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात विज्ञान भाग २ चा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. लामार्क, डार्विन, जीवाश्म, अवशेषांगे, जोडणारे दुवे, मानवी उत्क्रांती, सर्व त्यात आहे. केंद्राच्या एन.सी.ई.आर.टी.नेही दहावीला याच नावाचे प्रकरण ठेवले होते. कोरोनाच्या काळात भार हलका करण्याचे निमित्त झाले आणि २०२३ च्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग कायमचा गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच, असे उत्तर मिळाले. हे उत्तर कोणासाठी पुरेसे आहे? जो बारावीपर्यंत पोहोचतो, त्यातही विज्ञान शाखा घेतो, त्यातही जीवशास्त्र घेतो, त्याच्यासाठी. दहावीनंतर आयटीआयला, कला शाखेला, ऊसतोडीला किंवा यंत्रमागावर जाणाऱ्या मुलासाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे शेवटचे पुस्तक असते. आपली बहुतेक मुले कोठे जातात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

शिवाय काय ठेवले आणि काय काढले हेही पाहण्यासारखे आहे. केंद्राच्या पुस्तकात आता शीर्षक उरले आहे केवळ ‘आनुवंशिकता’. बापाचा गुण मुलात उतरतो हे मूल शिकेल. सर्व माणसांचा बाप एकच होता हे शिकणार नाही. सेटलमेंटच्या तारा ज्या समजुतीवर उभ्या होत्या तिला पहिले वाक्य तेवढे लागत होते.

महाराष्ट्र शासनाने २०२५ पासून राज्य मंडळाचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने सी.बी.एस.ई.च्या धर्तीवर नेण्याचे जाहीर केले आहे. आरंभ पहिलीपासून आहे. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक आला तेव्हा आपण तो लगेच पाहिला आणि आवाज उठवला, कारण श्लोक डोळ्यांना दिसतो. एखाद्या पाठातून वगळलेला अर्धा भाग तसा दिसत नाही. दहावीच्या विज्ञानाचा मसुदा जेव्हा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अनुक्रमणिका उघडून त्या पाठाच्या नावात दोन शब्द आहेत की एकच, हे आधी पाहावे.